आकडा आमचा, मूठ कुणाची?

विद्यापीठाला आपली माहिती पाहिजे. जात पाहिजे, पोटजात पाहिजे, बापाचा धंदा पाहिजे, आईचं बाळंतपण कुठं झालं ते पाहिजे. नळ किती वाजता येतो, पोरगी शाळेतून कितवीत गळाली, नवरा पितो का, पीत असेल तर किती, सगळं पाहिजे. आणि हे सुटं सुटं नको, एका दोरीत ओवलेलं पाहिजे. शहाण्यांच्या भाषेत त्याला 'एकात्मिक सामुदायिक माहिती' म्हणतात. आमच्या गोदीच्या भाषेत त्याला थप्पी म्हणतात. पोतं एकेक असतं तोवर त्याला कुणी विचारत नाही. थप्पी लागली की पहिला सवाल येतो, माल कुणाचा?

मी तोच सवाल घेऊन उभा आहे.

आमच्या वस्तीतल्या पोरांनी दोन वर्षं खपून वह्या भरल्या. पाळी सुटली की अंघोळ करून घर न् घर फिरले. कुणाचं रेशनकार्ड बंद पडलं, कुणाच्या पोराला वर्गात मागं बसवलं, कुणाला टीबी झाला, कुणाची कंत्राटी नोकरी गेली, पोलिसांनी रात्री कुणाला उचललं, सगळं लिहिलं. आता एका विद्यापीठाचं पत्र आलंय. सामाजिक धोरणावर संशोधन करायचंय, म्हणून ह्या वह्या पाहिजेत. घरवार पाहिजेत, रेशन, शाळा, दवाखाना, भाडं असं एकमेकाला जोडून पाहिजेत. पत्र इंग्रजीत. वस्तीची माहिती मागणाऱ्यांना वस्तीची भाषा येत नाही, पण धोरण मात्र ते वस्तीसाठी करणार!

मंडळात दोन तट पडले. एक म्हणतो, देऊन टाका, शिकलेली माणसं आहेत, काहीतरी भलं करतील. दुसरा म्हणतो, एक चिटोरा देऊ नका, आले तर हाकला. मला दोन्ही पटत नाही. पहिला भाबडा आहे आणि दुसरा रागात आंधळा आहे. का ते सांगतो.

आपल्याला मोजणारे हे पहिले नाहीत. हर्बर्ट रिस्ले नावाच्या गोऱ्या साहेबानं आपली नाकं मोजली. 1891 साली पुस्तक काढलं, 1901 च्या जनगणनेचा तो मुख्य होता. नाक जेवढं रुंद तेवढी जात खालची, असा त्याचा सिद्धान्त. म्हणजे भटानं पोथीत लिहिलं ते साहेबानं पट्टी लावून पक्कं केलं. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. माणूस जन्मला की रजिस्टरात. नाव, गाव, पुढं बोटांचे ठसे, रोजची हजेरी. सोलापूरची सेटलमेंट अजून त्याच नावानं ओळखली जाते, तिला तारांचं कुंपण होतं. कायदा 1952 ला रद्द झाला, पण पोलिसाच्या डोक्यातलं रजिस्टर रद्द झालं का? पारध्याच्या पालावर रात्री कोण जातं ते विचारा. तेही 'एकात्मिक'च होतं, दोस्तांनो. जात, ठसा, पत्ता आणि दंडुका एका दोरीत ओवलेला.

म्हणजे माहिती गोळा करणं हे कधी नुसतं माहिती गोळा करणं नसतं. मोजणाऱ्याच्या कमरेला काय लटकलंय ते आधी बघावं लागतं.

पण आता दुसरी बाजू ऐका. बाबासाहेबांनी काय केलं? 'अनटचेबल्स' हे पुस्तक 1948 चं. नाकं मोजल्याचे तेच तक्ते, घुर्ये प्राध्यापकांनी वापरलेले, त्यांनी उलटे धरले आणि दाखवून दिलं की एकाच मुलखातला ब्राह्मण आणि अस्पृश्य ह्यांचा वंश वेगळा नाही. मापं शत्रूची, निकाल आपला! 1919 ला साउथबरो समितीपुढं गेले ते रडगाणं घेऊन गेले नाहीत, आकड्यांचे तक्ते घेऊन गेले. 1932 ला लोथियन समिती आली तेव्हा प्रांताप्रांतातले सवर्ण पुढारी अस्पृश्यांची संख्याच कमी करून दाखवायला लागले. आदल्या दिवसापर्यंत सावली विटाळत होती, मतदारसंघ मागितल्यावर म्हणे अस्पृश्य आहेतच कुठं? तेव्हा बाबासाहेब एकेका आकड्यासाठी भांडले. आणि त्यांच्याही आधी 1882 ला जोतीरावांनी हंटर कमिशनला तोंडावर विचारलं, सारा भरतो शेतकरी, मग त्या पैशावर शिकतो कोण?

तेव्हा 'आकडे नकोच' म्हणणाऱ्या माझ्या भावा, तू बापाचं हत्यार फेकून देतोयस.

पँथर कशातून उठली ते तरी आठव. 1965 ला सरकारनं इलयापेरुमल समिती नेमली. 1969 ला तिचा अहवाल आला, 1970 ला संसदेपुढं गेला. देशभर अस्पृश्यांवर काय काय चाललंय त्याची ती जंत्री होती. दिल्लीला तो कपाटात कुजवायचा होता. मुंबईच्या चाळीतल्या आणि वसतिगृहातल्या पोरांनी त्याच्या बातम्या वाचल्या आणि त्यांचं डोकं भणाणलं. 1972 ला पँथर रस्त्यावर आली. एका अहवालानं कुणी पँथर होत नाही, त्यासाठी पाठीवर वळ लागतात. पण माझा वळ आणि तुझा वळ एकच चाबूक काढतोय, हे कळायला जंत्री लागते. कपाटातला आकडा मेलेला असतो. पोरांच्या हातात आला की त्याला दात फुटतात.

म्हणूनच तो आपल्या हातात येऊ देत नाहीत. कसा ते बघा.

एक, आकडा लपवतात. सगळ्या जातींची मोजणी 1931 साली शेवटची छापली गेली. 2011 ला सामाजिक-आर्थिक आणि जातगणना केली. अंमलदार दारोदार फिरले. 2015 ला खेड्यांतली गरिबी जाहीर झाली, जात नाही. 2021 ला महाराष्ट्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी तो आकडा द्या म्हणून. केंद्रानं प्रतिज्ञापत्र केलं की माहिती चुकांनी भरलेली, वापरण्यालायक नाही. 1931 ला जाती 4,147 होत्या, आता 46 लाखांवर नावं निघाली. महाराष्ट्राच्या याद्यांत 494 जाती, गणनेत 4,28,677. डिसेंबर 2021 ला कोर्टानं महाराष्ट्राची मागणी फेटाळली. आडनाव, गोत, पोटजात, लिहिताना झालेली चूक, सगळं वेगळी जात म्हणून चढलं, तर ते निवडायला माणसं नव्हती? चंद्रावर यान धाडणाऱ्या देशाला 'महार' आणि 'म्हार' एकच हे कळत नाही? बिहारनं 2 ऑक्टोबर 2023 ला मोजून जाहीर केलं. जातींची यादी आधी पक्की केली, मग मोजलं. अनुसूचित जाती 19.65 टक्के, अतिमागास 36.01 टक्के, खुल्या वर्गातले 15.52 टक्के. मोजता येतं. मोजायची छाती पाहिजे.

दोन, आकडा शब्दानं मारतात. जुलै 2021. राज्यसभेत सवाल आला की हातानं मैला साफ करताना किती मेले? मंत्र्यांनी उत्तर दिलं, त्यानं मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच वर्षी त्याच खात्यानं लोकसभेत सांगितलं होतं की गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत 340 माणसं मेली. कायद्याच्या पुस्तकात 'मैला उचलणं' वेगळं आणि 'गटाराची धोकादायक सफाई' वेगळी. एका व्याख्येनं 340 प्रेतं अशी गायब! आणि राज्यसभेतलं उत्तर देणारे मंत्री कोण? रामदास आठवले. एके काळचे पँथर. पँथरच्या तोंडून शून्य वदवून घेणारी व्यवस्था किती पोचलेली आहे ते ओळखा. सफाई कर्मचारी आंदोलनानं, बेझवाडा विल्सनच्या माणसांनी, मेलेल्यांच्या घरी जाऊन स्वतःची यादी केली, म्हणून ते शून्य खोटं ठरलं.

तीन, आकडे जोडून पोटावर मारतात. हे नीट ऐका, कारण पत्रातली मागणी हीच आहे. तेलंगणात 19 ऑगस्ट 2014 ला एका दिवसात घरोघरची पाहणी झाली. पुढं ह्या खात्याची माहिती त्या खात्याला जोडणारी कॉम्प्युटरची यंत्रणा उभी राहिली. तुमच्या नावासारख्या नावावर कुठं गाडी निघाली, कुठं घर निघालं, की तुम्ही श्रीमंत. रेशनकार्ड रद्द. नोटीस नाही, दारात माणूस नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एप्रिल 2022 ला कोर्टानं सांगितलं की यंत्रानं रद्द केलेली सुमारे 19 लाख कार्डं पुन्हा घरी जाऊन तपासा. तोवर ज्यांनी उपाशी दिवस काढले त्यांचा हिशेब कुठल्या रकान्यात?

आता आपल्या वस्तीकडं या. आई सरळ आहे. पाहणीवाली पोरगी विचारते, मुंबईला कधी आलात? आई सांगते, धाकटा पोटात होता तेव्हा, 2003 ला. पोरगी लिहून घेते. तिचा हेतू वाईट नसतो, तिला फक्त स्थलांतराचा तक्ता भरायचा असतो. पण झोपडपट्टी पुनर्वसनात 1 जानेवारी 2000 ही तारीख म्हणजे लक्ष्मणरेषा आहे. तिच्या अलीकडचे फुकट घराला अपात्र. उद्या हा तक्ता बिल्डरच्या टेबलावर गेला तर? आईनं खरं बोलल्याचा दंड घरानं भरायचा? साहेब म्हणतात, नावं खोडून टाकू, माहिती निनावी होईल. अहो साहेब, आमच्या गल्लीत 'नवरा गटारात मेलेली, दोन पोरी, झाडूवाली, टीबीचं औषध चालू' अशी एकच बाई आहे. नाव कशाला लागतं? सुट्या कागदात ती लपते. जोडलेल्या कागदात ती उघडी पडते.

कायदा काय म्हणतो? 2023 ला वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याच्या 17 व्या कलमात संशोधनाला आणि आकडेवारीच्या कामाला सवलत आहे. त्या माहितीवरून एखाद्या माणसाबाबत निर्णय घ्यायचा नाही अशी एक अट. म्हणजे आमची माहिती नेताना दार अर्धं उघडं. त्याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या 8 व्या कलमाला मुरड घातली, म्हणजे सरकारी कागदात कुणा साहेबाचं वैयक्तिक काही असलं की आमच्या तोंडावर दार बंद. काचेचं घर आमचं, पडदे त्यांचे.

आता विद्यापीठाकडं वळतो.

आमच्या वस्तीत ह्या आधीही पाहणी झाली होती. कुठल्या संस्थेची ते महत्त्वाचं नाही. आईनं पाणी दिलं, दोन तास उत्तरं दिली. शेवटी म्हणाली, "लिव बाई, आजून काय लिवायचंय ते लिव. पन नळाचं तेवढं बग." नळाचं कुणी बघितलं नाही. वर्षानं कळलं की जाडजूड अहवाल निघाला, एसी हॉलमध्ये परिसंवाद झाला, कुणाला पीएच.डी. मिळाली. आम्ही चार पोरं प्रत मागायला गेलो. सांगितलं, मूळ माहिती गोपनीय आहे. गोपनीय! माझ्या आईनं सांगितलेलं तिच्या पोरापासून गोपनीय! मग ते कुणासाठी उघडं आहे?

गोपाळ गुरूंनी 2002 ला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लेख लिहून सामाजिक शास्त्रवाल्यांची हीच दुखरी नस दाबली. सिद्धान्त मांडायचा ब्राह्मणानं, कच्चा माल पुरवायचा शूद्रानं. मी दहावी पास माणूस, पण हे मला समजवावं लागत नाही. गोदीत मी रोज तेच करतो. माल मी उचलतो, बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. आमचं दुःख हा त्यांचा 'डेटा', आमचा राग ही त्यांची 'तळटीप'. आमच्या कवितेला ते 'साधन' म्हणतात, त्यांच्या जांभईला 'विचार'.

आणि आपण स्वतः मोजलं तर काय होतं? गुजरातेत बघा. मार्टिन मकवान ह्यांची नवसर्जन ही दलितांची संस्था. तिच्या माणसांनी 1,589 गावं पालथी घातली. पाणी, देऊळ, शाळा, न्हावी, चहाचा कप, एकेक विटाळ नोंदवला. गुजरातेत दलिताला चहा द्यायला वेगळा कप ठेवतात आणि त्याला 'रामपात्र' म्हणतात! अमेरिकेतल्या विद्यापीठाचे संशोधक जोडीला घेतले, पण गावात गेली ती आपली पोरं. 2010 ला अहवाल काढला. ही खरी भागीदारी. आपले पाय, आपले डोळे, आणि हिशेबाची रीत पक्की करायला विद्यापीठ. सरकारनं काय केलं? अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाकडून दुसरा अभ्यास करून घेतला. पाच गावांचा. निष्कर्ष काय, तर भेदभाव हा बराचसा समजुतीचा प्रश्न आहे. 1,589 विरुद्ध 5, आणि आम्हाला फक्त वाटतं! पुढं डिसेंबर 2016 ला नवसर्जनचा परदेशी देणगीचा परवानाच काढून घेतला. तरी तो अहवाल आहे. 1,589 गावांचा विटाळ कुणाला पुसता येत नाही. गावोगावच्या पोरांनी तो लिहिलाय.

म्हणून सांगतो, विद्यापीठाला हाकलू नका, पण पोतं तसंच खांद्यावरून उतरवूनही देऊ नका. सौदा करा.

गोदीत माल मोजायला टॅलीवाला असतो. तो पेन चालवतो, आपण पाठ चालवतो. जुनी माणसं नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच सांगतात की टॅलीवाल्याचा हिशेब त्याच्याकडं, आपला आपल्याकडं. खेपेगणिक भिंतीवर खडूची रेघ मार. संध्याकाळी दोन्ही हिशेब समोरासमोर येतात. भिंतीवर रेघ नसली तर मुकादम म्हणेल ते खरं. आणि पोत्यात घालतो त्या लोखंडी हुकालाही आपण आकडाच म्हणतो. मूठ आपल्या हातात असली तर तो ओझं उचलतो. मूठ दुसऱ्याच्या हातात गेली की आपल्याच बरगडीत शिरतो.

तर माझ्या अटी अशा.

एक. कशासाठी पाहिजे ते मराठीत लिहून द्या आणि वस्तीच्या सभेत उभं राहून वाचा. बायका सवाल विचारतील, त्यांची उत्तरं द्या.

दोन. घरवार माहिती मिळणार नाही. गल्लीवार मिळेल. जिथं दहापेक्षा कमी घरांची गोष्ट असेल तो रकाना कोरा राहील. रेशन, पालिका, पोलीस, बिल्डर ह्यांच्या कुठल्याही कागदाला ती जोडणार नाही, असं सही-शिक्क्यानं लिहून द्या.

तीन. वह्या वस्तीत राहतील. तुम्ही बघून तक्ते करा. केलेल्या प्रत्येक तक्त्याची प्रत इथं ठेवा.

चार. नव्या कामाला नवी परवानगी. एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो नाही. ज्या घराला आपली माहिती मागं घ्यायची असेल त्याला ती मागं मिळेल.

पाच. काम करणाऱ्या पोरांना मजुरी द्या, आणि अहवालावर त्यांचं नाव लेखक म्हणून छापा. 'आभार'च्या यादीत नको.

सहा. परिसंवाद हॉलमध्ये होण्याआधी वस्तीत होईल. आम्ही म्हणू हे चूक आहे, तर ते अहवालात छापलं जाईल.

सात. नुसतं आम्हाला मोजू नका. समोरच्या टॉवरमध्येही फॉर्म घेऊन जा. विचारा, घर भाड्यानं देताना जात का विचारता? मोलकरणीचा कप वेगळा का? तुमच्या कंपनीत किती जणांना नातेवाइकाच्या ओळखीनं नोकरी लागली? असं करता येतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल ह्यांचा अभ्यास 2007 ला छापून आला. सारख्या शिक्षणाचे अर्ज, फक्त आडनावं वेगळी, असे खाजगी कंपन्यांना धाडले. दलित आडनावाला बोलावणं कमी आलं. त्यांनी दलिताचं नाक मोजलं नाही, दारवानाचा डोळा मोजला! तसा अभ्यास घेऊन या, आमची पोरं फुकट राबतील.

ह्या अटी जड वाटत असतील तर साहेबांनी सरळ सांगावं की त्यांना संशोधन नको, पुरवठा पाहिजे. पुरवठादार दुसरा शोधा.

मंडळातल्या दोन्ही तटांना शेवटचं. अटींची खबरदारी म्हणजे पळ काढणं नव्हे. 30 एप्रिल 2025 ला केंद्र सरकारनं पुढच्या जनगणनेत जात मोजायचं जाहीर केलं, 2027 ची ती जनगणना. जनगणनेचा 1948 चा कायदा घरोघरची माहिती गुप्त ठेवतो. 2011 ची ती मोजणी त्या कायद्याखाली नव्हतीच, आणि तिच्यातली घराची माहिती सवलत द्यायला किंवा काढायला सरकारी खात्यांना खुली होती. हा फरक वस्तीत समजावून सांगायचं काम आपलं. जात बिनधास्त सांगा, छाती पुढं करून सांगा. पण त्यांच्या आकड्याशेजारी ठेवायला तुमच्या वस्तीचा आकडा तयार पाहिजे. तो नसला तर उद्या पुन्हा कुणीतरी प्रतिज्ञापत्र करील की चुका फार आहेत. तेव्हा आपण काय दाखवणार?

प्रत्येक वस्तीनं एक वही काढा. अभ्यासिकेत ठेवा, कुलपात ठेवा, किल्ली दोन बायकांकडं द्या. दर महिन्याला मोठ्यानं वाचा. कोण मेलं, कुणाला काढलं, कुणाचं बंद पडलं. कवी असाल तर कविता नंतर लिहा, आधी ही यादी लिहा.

भिंतीवर रेघ मारा. ओझं आपण उचललंय, हिशेबही आपणच ठेवू.

जय भीम!